टाचेतली पिवळी माती

पाणथळ माळाच्या तोंडाशी मर्व्ह ब्रश आणि जंतुनाशकाच्या फवाऱ्याची बाटली ठेवतो. बुटांचे तळवे खरवडायचे, मग फवारायचं, मगच आत पाऊल टाकायचं. आमच्या झाडवेड्या मंडळात हे न करणाऱ्याला तो चहासुद्धा विचारत नाही. बुटाच्या मातीतून मूळकूज आली की पाण्याबरोबर मुळामुळांत पसरते, माळच्या माळ वाळतो, आणि एकदा आलेली ती जात नाही.

"ग्लेनिस, बूट?"

"घरून घासून आणलेत. आता मला शिकवणार का तू?"

"नाही बाई, माझी काय टाप!"

मी घासले नव्हते. टीव्ही बघता बघता नुसते फवारले होते. वरून तर लख्ख दिसत होते.

ओढ्यापलीकडे गुलाबी फुलं दिसली. नेहमीचंच बोरोनियाचं झुडूप असेल म्हणून मी पुढे निघाले होते, पण फांद्या जरा वेगळ्या वाटल्या. आडवी पडून भिंग लावलं. नेहमीच्या बोरोनियाच्या कोवळ्या फांदीवर लव असते. या फांदीवर ती औषधालाही नव्हती.

"मर्व्ह, लव नाहीये रे."

म्हातारा गुडघेदुखी विसरून आला आणि चिखलात पालथा झाला. भिंगाखाली एकेक फांदी फिरवून बघितली.

"तोच आहे, बिनलवेचा बोरोनिया," तो म्हणाला. "चोवीस वर्षं गं. साऱ्या टास्मानियात कुणाला दिसला नाही. मी तर आशा सोडली होती." बाहीने त्याने डोळे पुसले. झुडपं मोजली, अठरा भरली.

उठायला म्हणून मी पाय वळवला आणि टाच दिसली. खाचेत पिवळ्या मातीचं ढेकूळ. इथली माती काळी कुळकुळीत. पिवळी असते ती मेलेल्या टेकडीवर, जिथे मूळकुजीने एक झाड शिल्लक ठेवलेलं नाही. रविवारी मी हेच बूट घालून तिथे गेले होते. ढेकूळ अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इथेच कुठेतरी पडलं होतं.

गप्प बसावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण मर्व्ह त्या फुलांकडे बघत होता, आणि मला राहवलं नाही.

"मर्व्ह, मी बूट घासले नव्हते. रविवारी टेकडीवर गेले होते."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हलू नकोस," तो हळूच म्हणाला.

झुडपांवर खूण करायला आणलेल्या गुलाबी फिती त्याने खिशातून काढल्या आणि माझ्या पावलाच्या एकेका ठशाशेजारच्या गवताला बांधत निघाला. शेवटचं पाऊल सगळ्यात मोठ्या झुडपाला खेटून उमटलं होतं. त्यात पाणी झिरपत होतं. बघता बघता ते काठोकाठ भरलं आणि मुळाच्या बाजूने ओघळलं. मर्व्ह खाली बसला, दोन्ही हातांनी चिखल ओढून बांध घालू लागला. पाणी त्याच्या बोटांमधून जातच राहिलं.