मोठीचा नवरा

धर्म कुठून येतात यावर जाडजूड पुस्तकं लिहिणारे खुशाल लिहोत. मिस्त्रीने एक धर्म जन्मताना पाहिला होता. पाहिला कसला, त्याच्याच तोंडातून निघाला होता, डबा खाता खाता.

चाळीस वर्षांपूर्वी मिस्त्री फाउंड्रीत भट्टीवर होता. लोखंडाचा रस आणि पाणी यांचं हाडवैर. ओलावा रसाखाली अडकला की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि सगळा रस माणसांच्या अंगावर उडतो. हे नव्या लोकांना सांगून सांगून त्याचा घसा बसला. ऐकतो कोण! पावसात भिजलेलं भंगार तसंच उचलून आणायचे. शेवटी एका दुपारी तो वैतागून म्हणाला, "भट्टीत बाई राहते. मोठी म्हणतात तिला. तिचा नवरा पाणी आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. वाट बघून बघून बाई पेटली. आता पाणी दिसलं की तिला वाटतं, आला! धावत येऊन मिठी मारते. हवीय का कोणाला मिठी?"

कोणालाच नको होती. त्या दिवसापासून ओली वस्तू भट्टीकडे फिरकली नाही. नियमाला कोणी भीक घातली नव्हती, बाईला सगळे घाबरले. मिस्त्री मनातल्या मनात खूश झाला. तिथेच चुकला.

माणसं बदलली. मागून आलेल्यांच्या कानावर धोका आलाच नाही, आलं ते बाईचं दुःख. कोणाला तरी तिची दया आली. बिचारी! रोज थोडी भेट घडवायला काय जातं आपलं? मग रोज भंगाराच्या पहिल्या तुकड्यावर तांब्याभर पाणी घालून तो भट्टीत सोडायला सुरुवात झाली. नवरा पाण्याला गेलेला, म्हणून तुकडाही जुन्या पंपाचा. कोळशाची भट्टी उंच, तुकडा वरून पडायचा आणि रसापर्यंत पोचेतो खडखडीत वाळायचा. काही झालं नाही, आणि काही झालं नाही हाच चमत्कार ठरला. भिंतीत कोनाडा आला, कोनाड्यात बाईचा ओतीव मुखवटा आला. ज्या गोष्टीने पाणी हाकललं होतं, तिचंच बोट धरून पाणी आत आलं.

मिस्त्रीचा जावई तिथेच फोरमन, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळं त्याच्या कानावर यायचं. तो हसून सोडून द्यायचा. कोणाचं काय बिघडतंय?

त्या सकाळी मुलीने चहाचा कप पुढे ठेवत सांगितलं, "बाबा, आज नवी विजेची भट्टी सुरू होतेय. मोठीला तिकडे नेणार. पहिला तुकडा ह्यांच्या हातून."

"भट्टी रिकामी आहे ना?"

"छे, इंजिनिअरने पहाटेच पेटवलीय. अर्धी रसाने भरलीय म्हणे."

कप तसाच राहिला. विजेची भट्टी म्हणजे उघडं पातेलं. वरून टाकलं की थेट रसात. मिस्त्रीने फोन लावला, जावयाने उचलला नाही. सदरा उलटा घातलेला रस्त्यात लक्षात आलं, तरी तो थांबला नाही.

तो पोचला तेव्हा भट्टीभोवती पन्नासेक माणसं गोळा झाली होती. मालक नवा कोट घालून उभा. जावयाच्या हातात लांब सांडशी, सांडशीत पंपाचा पोकळ तुकडा, तुकड्याच्या पोटात पाणी. टपटप गळत होतं.

"टाकू नका!" मिस्त्री ओरडला. "खोटं आहे सगळं! बाईबिई कोणी नाही! मी बनवली ती, डबा खाताना!"

सगळे वळले. मग एक साचेवाला हसला. "मिस्त्री, तुमच्या तोंडून वदली म्हणा की. बनवायला ती काय वांग्याची भाजी आहे?"

"अरे, रस उडेल, गाढवांनो! मराल!"

"इतकी वर्षं नाही उडाला तो?" दुसरा म्हणाला. "वय झालं मिस्त्रींचं. खुर्ची द्या त्यांना."

मालकाने घड्याळ पाहिलं. जावयाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या पन्नास तोंडांकडे, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

मिस्त्रीचं खरं बोलून झालं होतं. खऱ्याची किंमत एक खुर्ची.

"नवरा आलाय!" तो म्हणाला.

सांडशी थांबली.

"काल जुनी भट्टी विझवलीत ना? चाळीस वर्षांत कधी विझली होती अशी? तो आला म्हणून विझली. बाई निवली. आता इथे दोघं आहेत. आणि तुम्ही दारात पाणी घेऊन उभे! कशाला, तो गेला होता याची आठवण द्यायला? नवराबायकोच्या घरात ओल्या पायांनी शिरता, लाज नाही वाटत?"

कोणी हसलं नाही. साचेवाल्याने हळूच विचारलं, "मग द्यायचं काय त्यांना?"

"कोरडं द्यायचं. काठावर तापवून. हात धरवणार नाही इतकं."

"किती वेळ?"

"अर्धा तास," मिस्त्री म्हणाला, आणि दात-ओठ खात त्याने पाहिलं, साचेवाला ते पुटपुटत पाठ करत होता.

तासाभराने सासरा-जावई नळावर हातपाय धूत होते.

"तुम्ही टाकणार होतात," मिस्त्री म्हणाला. "माझी पोरगी रस्त्यावर आली असती."

"मामा, इंजिनिअरने मला कालच बजावलं होतं, ओलं काही टाकू नका म्हणून."

"माहीत होतं तुम्हाला? आणि तरी पाऊल टाकलंत?"

"मग काय करू? पन्नास माणसांपुढे माघार घेतली तर उद्या माझा शब्द कोण ऐकेल? तुम्ही 'खोटं आहे' म्हणालात, तिथे मला मागे फिरायला वाटच नव्हती. नवरा आणलात, तेव्हा मिळाली."

मिस्त्री संतापून बघत राहिला. राग जावयाचा होता, स्वतःचाही होता, आणि सगळ्यात जास्त, हे पटत होतं याचा होता.

"आणि वीस वर्षांनी?" तो म्हणाला. "कोणाला तरी त्या दोघांचीही दया येईल. त्यांना तहान लागेल. मग?"

जावयाने नळ बंद केला.

"खरं कारण पाठ करा. तुम्ही एकट्याने. तुमच्यामागून जो फोरमन येईल त्याला द्या. म्हणा. ओलावा अडकतो, वाफ होते."

"ओलावा अडकतो, वाफ होते."

"वाफेला वाट नाही, रस उडतो."

"वाफेला वाट नाही, रस उडतो."

"परत."

जावयाने डोळे मिटले. "ओलावा अडकतोऽ, वाफ होतेऽ, वाफेला वाट नाहीऽ..."

मिस्त्रीने त्याचा दंड गच्च धरला.

"अहो, चालीवर म्हणू नका!"