भिमाबाईच्या किटलीचा पोचा

मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे. माझी कडी एका बाजूने तारेने बांधलेली आहे, कुशीत एक मोठा पोचा आहे, आणि पोटात दूध नाही, ज्वारी आहे. मित्रांनो, दुधाच्या किटलीत ज्वारी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. माझी सगळी गोष्ट त्या ज्वारीचीच आहे.

केजच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी इतर किटल्यांबरोबर दोरीला टांगलेली होते. एक दिवस भिमाबाई आल्या. त्यांनी एकेका किटलीला बोटाने टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

दुकानदार हसला. "काकू, किटली घ्यायला आलात का हलगी?"

"नाद चांगला तर पत्रा चांगला," भिमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला निवडलं.

दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर त्यांचं घर होतं. गावात दूध संस्था नवीनच निघाली होती. रोज सकाळी मी फेसाळ दूध घेऊन संस्थेत जायची. "भिमाबाईची किटली म्हणजे आरसा," असं तिथले लोक म्हणायचे, आणि मी उन्हात आणखी चमकायची. पण एकदा त्यांच्या कपिली गाईने लाथ झाडली. मी गोठ्याच्या दगडी उंबऱ्यावर आपटले आणि माझी कूस आत गेली. त्या पोच्यात साय अडकायची, कितीही घासलं तरी वास राहायचा. संस्थेने दुसरी किटली आणायला सांगितलं. दुसरी आली. मी फळीवर गेले. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं आणि मला वाटलं, आपलं काम संपलं.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गाई आटल्या, आणि थोड्याच दिवसांत ती नवी किटलीही माझ्या शेजारी फळीवर येऊन बसली.

संस्थेने तेलगावच्या अलीकडच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. भिमाबाई आणि त्यांचे मालक आश्रुबा जनावरं घेऊन तिकडे राहायला निघाले. आश्रुबांना शर्यतीची कबुतरं पाळायचा नाद होता. त्यांनी आपली एक जोडी पिंजऱ्यात घातली आणि दाणे ठेवायला भांडं मागितलं. नवी किटली खराब होऊ नये म्हणून भिमाबाईंनी मला दिलं. अशी मी पुन्हा घराबाहेर पडले.

छावणीत त्या जोडीने अंडी घातली, पिल्लं निघाली. एक मातकट रंगाची मादी कडब्याच्या पेंडीवरच वाढली, म्हणून तिचं नाव पेंडी पडलं. आश्रुबांनी बजावलं होतं, "पिल्लं कोंडूनच ठेव. पहिल्यांदा जिथून उडतील तेच घर धरतील. गावाकडं गेल्यावर सोडू."

मित्रांनो, हे अगदी खरं आहे. कबुतराचं घर माणूस ठरवत नाही. पंखात बळ आल्यावर ते ज्या जागेवरून पहिल्यांदा आभाळ फिरून पाहतं, ती जागा त्याच्या मनात बसते.

पण उन्हाळा वाढला. पिंजऱ्यावरचा पत्रा तापून पिल्लं चोची उघडून धापा टाकू लागली. "जनावराला सावली, माणसाला सावली, अन् ह्येंलाच भट्टी? कावून?" असं म्हणत भिमाबाईंनी दार उघडलं. पिल्लं उडाली. त्यांनी छावणीवर मोठी फेरी मारली. दिवस कलताना भिमाबाईंनी मला हलवलं. ज्वारी पोच्यावरून घरंगळली आणि आपटली. खुळ्ळ-टक! खुळ्ळ-टक! तो आवाज ऐकताच पिल्लं एकामागे एक खाली उतरली. माझा पोचा पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आला होता.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, आम्ही वस्तीवर परतलो. आश्रुबांनी पिल्लं बरेच दिवस कोंडून ठेवली आणि मग सोडली. ती सरळ तेलगावच्या दिशेने निघून गेली. आश्रुबा सायकलवर जाऊन त्यांना घेऊन आले. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"घे," आश्रुबा दमून म्हणाले, "तुझी पोरं माहेरी गेली."

ही बातमी तेलगावच्या बंकटला कळली. त्याची कबुतरं सगळ्या भागात नावाजलेली. तो मुद्दाम वस्तीवर आला.

"आश्रुबा काका, बेघर पाखरं शर्यतीत उतरवत न्हाईत. द्या मला."

"बेघर कशी?" भिमाबाई मध्येच म्हणाल्या. "मी जिथं किटली वाजवते तिथं त्येंचं घर."

"मंग लागली पैज, काकू. सोलापूरच्या शर्यतीत माझ्या पाखराच्या आधी तुमचं हातात आलं तर मी गप्प. न्हाई तर सगळी पिल्लं माझ्या ढाबळीत."

आश्रुबा नको म्हणायच्या आत भिमाबाई हो म्हणाल्या होत्या.

छावणीची जागा आता ओसाड होती. संस्थेकडून परवानगी घेऊन आश्रुबांनी तिथेच चार बांबूंवर ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, उभं केलं. मग शिकवणी सुरू झाली. सकाळी पिल्लांना दाणा कमी, कारण भरल्या पोटाचं पाखरू झाडावर बसून राहतं. आश्रुबा त्यांना करंडीत घालून आधी जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडत, मग धारूरला, मग एसटीने केजला. सुरुवातीला सगळी एकदम सोडली, नंतर एकेक करून, म्हणजे दुसऱ्याच्या मागे न जाता प्रत्येकाला आपली वाट आपणच शोधावी लागते. वारा फार असला किंवा ससाणा दिसला की करंडी न उघडता ते परत येत. "एक दिवस वाया गेला तर जाऊ दे, पाखरू जायला नको," ते म्हणत. आणि इकडे माळावर भिमाबाई मला हलवत. खुळ्ळ-टक! पिल्लं आश्रुबांच्या कितीतरी आधी घरी पोचत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आश्रुबांना वाटलं, उद्या लोक बघायला येतील, किटली बरी दिसायला हवी. ते मला तेलगावात भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने आतून लाकडी हातोडी मारून माझा पोचा काढला आणि मला घासून लख्ख केलं. खोटं कशाला सांगू, मी फार खूश झाले. सकाळी भिमाबाईही म्हणाल्या, "चकाकली की!"

या शर्यतीत एक रीत आहे. प्रत्येकाच्या ढाबळीवर समोरचा गडी साक्षीला बसतो. म्हणून आश्रुबा बंकटच्या गच्चीवर गेले आणि बंकट आमच्या माळावर आला. कबुतरं सोलापुरात पहाटेच्या उजेडात सुटली होती. पाखरू हातात आलं तरच आलं, नुसतं दिसलेलं धरत नाहीत.

ऊन चढलं तसा दक्षिणेकडे एक ठिपका दिसला.

"पेंडी!" भिमाबाई उठल्या आणि त्यांनी मला हलवलं. माझ्या गुळगुळीत पोटातून ज्वारी नुसती सर्र सर्र फिरली. पेंडी खाली आली, बिचकली, पुन्हा वर गेली. माळावर जमलेल्या लोकांच्या भोवती ती फिरत राहिली.

"उतरंना, काकू," बंकट म्हणाला. "पाखराला घर पटंना बगा."

भिमाबाईंनी पुन्हा हलवलं. पुन्हा सर्र. पेंडी आणखी उंच गेली. मी तिला हाक मारत होते, पण तो आवाज माझा नव्हताच.

भिमाबाई थांबल्या. त्यांनी मला कानाशी धरलं आणि दुकानात मारली होती तशी टिचकी मारली. क्षणभर ऐकलं. मग खाली वाकून दगड उचलला.

"काकू, आहो, नव्यासारखी किटली हाय!"

"सरक बाजूला!"

दगड माझ्या कुशीत बसला. एकदा, दोनदा. मित्रांनो, मार खाऊन एवढा आनंद कुणाला झाला नसेल. भिमाबाईंनी हात उंच करून मला हलवलं.

खुळ्ळ-टक!

पेंडीने पंख मिटले आणि ती दगडासारखी खाली आली. ढाबळीवरही बसली नाही, थेट भिमाबाईंच्या खांद्यावर उतरली. त्यांनी तिला अलगद हातात घेतलं.

बंकटने घाईने आश्रुबांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "जयभीम बंकट. तुझं न्हाई आलं अजून. तिकडं काय हाय?"

बंकटने फोन भिमाबाईंच्या कानाला लावला.

"आलं," भिमाबाई म्हणाल्या. "अन् तुमी या घरी. पोचा कुणी काढला ते इचारायचं हाय."

जाताना बंकट हळूच म्हणाला, "काकू, ती किटली देता का?"

"किटली न्हाई देत. दगड ने पायजे तर."

मित्रांनो, आता मी त्याच माळावर ढाबळीच्या बांबूला टांगलेली असते. गोठ्यात पुन्हा दूध आहे. ते दुसरी किटली संस्थेत नेते आणि ती छान चमकते. मला तिचा हेवा वाटत नाही. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिची काळजी जरूर घ्या, गंज चढू देऊ नका, तुटली तर तारेने बांधा. पण तिला नवीन करायच्या आधी, ती रोज हातात घेणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आश्रुबा आता मला घासताना पोच्यापाशी आले की हात हलका करतात, आणि पेंडीची पिल्लं ढाबळीच्या दारातून माझ्याकडे माना वाकड्या करून बघत असतात.