जवाईबापूंचं हेवी लायसन

सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी चार महिन्यांसाठी सासरवाडीला आलो, त्याला आता सहा वर्षं झाली. हाड कधीच जुळलं. भगवंतराव, म्हणजे माझे सासरे, आता माझ्यापेक्षा भराभर चालतात. माझं परत जाणं तेवढं राहून गेलं. गाव बाळापूरच्या पुढे, दोनशे उंबऱ्यांचं. आमच्याकडे लेक एका घरची नसते, अख्ख्या गावाची असते. त्यामुळे भगवंतरावांची एकुलती एक रागिणी गावाची लेक, आणि मी दोनशे उंबऱ्यांचा जावई.

मानाला कुठे कमी नाही. वावरात फावडं हातात घेतलं की गडी ते काढून घेतो, "राहू द्या जवाईबापू, आमी कायले हाओ?" सोयाबीन कधी सोंगायचं, कापणी कधी धरायची ते ठरवताना मला खुर्ची येते, चहा येतो. मी बोललो की सगळे "बराबर हाये" म्हणतात आणि नेमकं उलटं करतात. एकदा रागिणी वैतागून म्हणाली, "अक्कल आहे का तुम्हाला?" तर दुर्गाबाई, माझ्या सासूबाई, लाटणं घेऊन तिच्याच अंगावर धावल्या. तेव्हापासून तीसुद्धा माझ्याशी गोड बोलते. मला या गोडाची शिसारी आली आहे, हे मी कोणाला सांगू?

निघून जावं म्हटलं तर कारण लागतं. भांडण झालं असतं तर एका पिशवीनिशी निघालो असतो. पण इथे माझ्याशी भांडायला कोणी तयारच नाही. घुसमटायला होतं, आणि तक्रार करावी तर लोक म्हणतील, याला सुख टोचतं.

मागच्या पोळ्याला मी माझ्या घरी, अचलपूरला गेलो होतो. तिथे श्याम भेटला. माझा शाळेतला मित्र. त्याचे चार ट्रक परतवाड्याहून संत्री घेऊन दिल्ली-कोलकात्याला जातात. तो म्हणाला, "हेवी लायसन आन, एक गाडी तुही. पन दिवाळीच्या आंबिया बहाराची संत्री निंगाच्या आत आन. नाई तर मी दुसरा ड्रायव्हर पाह्यतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ट्रक म्हणजे सासरवाडी सोडायला सभ्य कारण. रागिणीलाही अचलपूरला नेता आलं असतं. आणि रस्त्यावर मला ओळखतो कोण? नागपूरच्या पुढे मी कोणाचाच जावई नाही. ढाबेवाला ओरडेल, "ए ड्रायव्हर, गाडी बाजूला घे." नुसत्या विचारानं जीव सुखावला.

कारचं लायसन जुनंच होतं. हेवीसाठी लर्निंग काढलं आणि बाळापुरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा गजेंद्र. त्यानं पहिल्या दिवशी माझं आधारकार्ड घेतलं, पत्ता वाचला आणि हातच जोडले. तो मूळचा आमच्याच गावचा निघाला, लहानपणीच बाळापुरात आलेला. रागिणी त्याची बहीण लागत होती. माझं शिक्षण तिथेच संपलं, पण हे मला फार उशिरा कळलं.

बाकीच्या शिकणाऱ्यांना गजेंद्र सोलून काढायचा. "अबे क्लच हाये तो, पायपुसनं नाई!" माझी पाळी आली की त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. गिअर किंचाळला तरी, "जमलं जवाईबापू, जमलं." रिव्हर्स घेताना मी मागचा फाळका कडुलिंबावर घासला, तर म्हणाला, "झाडच मधात हाये."

"गजेंद्र, माहं चुकते काय ते सांग ना बाबा."

"तुमचं कायचं चुकते? थोडासा सराव पाह्यजे बस."

महिना असा गेला. सर्टिफिकेट मिळालं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटायला लागलं की आपण ट्रक झकास चालवतो.

टेस्ट अकोल्याला होती. आंबियाची संत्री निघायला तीन आठवडे उरले होते. तपासणारे साहेब पन्नाशीचे, सकाळपासून उन्हात उभे राहून तापलेले. ते शेजारी बसले. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. मी उचलली, तर ती चार हात मागे घरंगळली.

"अबे हँडब्रेक! तो काय पिशवी अडकवाले देल्ला हाये?"

मी दचकलो आणि पुढच्या रिव्हर्सच्या टेस्टमध्ये खुणेचा खांब पाडला.

"डाव्या आरशात कोन पाह्यन, तुहा आजा? अन् क्लचवरचा पाय काढ! अर्ध्या क्लचवर गाडी ठेवून राह्यला, प्लेट जाळतं काय? कोन्या गाढवानं शिकवलं तुले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अपमान झाला म्हणून नव्हे. गजेंद्रनं महिनाभरात जे सांगितलं नाही ते या माणसानं तीन मिनिटांत सांगितलं होतं. हँडब्रेक, डावा आरसा, क्लच. छाती कशी मोकळी झाली.

"साहेब, अजून सांगा."

"सांगतो ना. उतर खाली. मागच्या चाकापाशी उभा राह्य, टर्न मारतानी गाडी वयते कशी ते दाखवतो तुले."

मी उडी मारूनच उतरलो. खांब पडला तेव्हाच नापास झालो होतो, ते मला ठाऊक होतं. पण आठ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. आता निदान चुका कळणार होत्या. संत्री निघायच्या आत जमलं असतं.

साहेब खाली आले. हातातल्या कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांची नजर पत्त्यावर थांबली.

"या गावात कोनाकडे राह्यतं तू?"

खोटं बोलावं तर पत्ता समोर छापलेला.

"भगवंतरावांकडे. मी जवाई त्यायचा."

"भगवंतमामाचे?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "अवं, माह्या मायचं माहेर ते! रागिणी बहीन लागते मले. आधी नाई सांगाचं काय जवाईबापू? मी काईच्या काई बोलून गेलो. माफी करा."

"नाई साहेब, तुमी बोला. चाकापाशी काय दाखवत होते?"

"तुमाले मी काय दाखवू!"

सावलीत खुर्ची आली. मागोमाग चहा आला. माणूस प्रामाणिक होता, निकाल त्यानं बदलला नाही. नापास तो नापासच. पण तो सांगतानाही त्याचे हात जोडलेले होते. "कायदा हाये, माहा इलाज नाई. पन तुमचं काई चुकलं नाई. गाडीच जुनी हाये."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

"साहेब, पाया पडतो तुमच्या. चाकाचं सांगा. अबे म्हना, गाढव म्हना, पन सांगा. मले लायसन पाह्यजे. मले त्या गावातून निंगाचं हाये."

मग त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. ते चार पावलं दूर गेले आणि त्यांनी फोन लावला. आवाज हळू होता, पण मला ऐकू येत होतं.

"मामा, जवाईबापू येथं आपल्याजवळ बसले हायेत. जराशे रुसल्यासारखे वाटून राह्यले. कोनाचं काई चुकलं काय? गाडी पाठवा बरं."

तासाभरात बोलेरो आली. आत भगवंतराव आणि गावचे चार म्हातारे, सगळे मागे दाटीवाटीनं बसलेले. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. साहेबांनी स्वतः दार उघडलं, मी आत बसल्यावर ते हळूच लावलं, आणि नीट लागलं की नाही ते बाहेरून ओढून पाहिलं.