माझ्या डोक्यावर बसलेला टीव्ही

मित्रांनो, मी टेबल टेनिसचे एक जुने टेबल बोलतोय. चर्चच्या तळघरात माझे सारे आयुष्य गेले. मंडळीतल्याच एका सुताराने मला घडवले. पांढरी रेघ त्याच्या बायकोने ओढली; ती जरा वाकडी गेली आणि आजही तशीच आहे.

शुक्रवारची उपासना संपली की पोरे धडधडत जिना उतरत आणि माझ्यापुढे रांग लागे. जुने पाळक म्हणायचे, "माझ्या प्रवचनापेक्षा पोरांना हे टेबलच जास्त आवडतं!" ते ऐकून मी नुसता फुगायचो.

पुढे पोरे यायची थांबली. मग नव्या पाळकांनी शक्कल लढवली. मोठा टीव्ही आणून त्यावर गोळीबाराचा गेम लावला.

सुताराची बायको आता म्हातारी झाली होती. तिने त्यांना गाठलेच. "अहो, वर सांगता वैऱ्यालाही माफ करा, आणि खाली पोरांच्या हातात बंदुका?"

"खोट्या आहेत हो मावशी. पोरं आत तर येऊ देत, पुढचं मी बघतो."

पोरे आली, तळघर भरले. आणि टीव्ही ठेवला कुठे? माझ्याच अर्ध्या अंगावर! ज्याला पाहून माझा जळफळाट होई, त्यालाच डोक्यावर घेऊन मी उभा. त्याचे वाटोळे व्हावे असे मी देवाच्या घरात राहून रोज म्हणायचो.

त्यात एकदा पाळक म्हणाले, "सोफे येतायत. टीव्ही भिंतीवर लावू, हे टेबल काढून टाकू."

त्या संध्याकाळी एक चष्मेवाली पोर गेममध्ये पहिल्या झटक्यात मेली. मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर, असा तिथला नियम. कंटाळून तिने कोपऱ्यातली बॅट उचलली आणि माझ्या मोकळ्या भागावर चेंडू टपटपवू लागली. तेवढ्यात आणखी एक जण मेला. मध्ये जाळी नव्हती, म्हणून दोघांनी गाण्यांची पुस्तके आडवी लावली. हळूहळू मेलेल्यांची रांग लागली. शेवटी खुद्द पाळकच आले. "मेलो बुवा! इथं कुणाचा नंबर?"

मावशी जिन्यावरून म्हणाल्या, "आणि सोफे?"

"एकच आणू. मेलेल्यांना जागा नको का?"

मी वाचलो. पण हेवा काही गेला नाही. पोरे टीव्हीपुढे बसली की मी अजून मनात म्हणतो, लवकर मरा रे!

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे कुणीतरी धूळ खात उभे असेल. त्याच्याकडे जायला मरायची वाट बघू नका. जिवंतपणीच एक डाव खेळून या.