अमानतीचं वजन

मनामातल्या ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं विकते. सगळं बहारीन माझं ऐकतं, फक्त घरचे सोडून.

माझी धाकटी बहीण नाझिश ग्लासगोत पहिलटकरीण, नवरा जहाजावर. ‘अम्मा जवळ असेल तरच धीर येईल,’ असं ती फोनवर रडून सांगायची. म्हणून अम्माचं लंडनचं तिकीट काढलं आणि पुढे लंडनजवळच्या ल्यूटनहून ग्लासगोला एका नव्या स्वस्त विमान कंपनीचं बुकिंग केलं. त्यांच्यात कागदी तिकीट नाही, फोनवर नंबर देतात. चहासुद्धा विकत. वजन जास्त झालं तर दंड तिकिटाहून मोठा. विमान उतरलं की अर्ध्या तासात परत उडतं, कोणासाठी थांबत नाही. हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की माझेच कान किटले.

आणि माझ्या नवऱ्याने, नजीबने, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत जाहीर केलं की सासूबाई विलायतेला चालल्या. मग काय, माहूजच्या आमच्या फ्लॅटवर रीघ लागली. रिफाहून इशरतभाभी ग्लासगोतल्या आपल्या मुलासाठी हलव्याचे डबे घेऊन आली. कोणी सोडे, कोणी खजूर. आम्हा कोकण्यांत जाणाऱ्याच्या हाती काही दिलं नाही तर चैन पडत नाही आणि घ्यायला नाही म्हटलं तर सात पिढ्यांची इभ्रत जाते.

मी डबे बाहेर काढायची, नजीब परत भरायचा.

“एअरपोर्टच्या काउंटरवर आपला नझीर हाय ना. गाववाला. डोळे मिटून सोडतो.”

“इथे सोडेल. ल्यूटनला तुझा कोण गाववाला बसलाय?”

“इंशाल्ला, निघेल कोणीतरी.”

नझीरने सोडलं. वर अम्माला चहाही पाजला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ल्यूटनहून फोन आला.

“बाय, हे सामान घेत नाय. मी बॅगेतले माझे कपडे काढले सगले, तरी वजन उतरत नाय.”

“डबे तिथेच टाक आणि पळ, अम्मा.”

“कसे टाकू? लोकांची अमानत हाय.”

“नाझिश एकटी आहे.”

“मला काय ठाऊक नाय?” ती रडायला लागली. मग रडतच म्हणाली, “खलास, बाय. काउंटर बंद केला.”

विमान अगदी वेळेवर गेलं. मी नजीबवर चिडले, नझीरवर चिडले, आणि सगळ्यात जास्त अम्मावर, कारण तिच्या जागी मीही डबे टाकले नसते.

अम्मा रात्रभर बसने प्रवास करून ग्लासगोला पोचली, सगळे डबे घेऊन. मुलगी पहाटेच झाली होती. नाझिशचा हात एका अनोळखी नर्सने धरला होता.

त्याच आठवड्यात इशरतभाभी मिठाई घेऊन आली.

“मुबारक हो. आणि आमचा हलवा पोचला ना?”

नजीब मिठाईचा डबा घेऊन आत सटकला.

“पोचला, भाभी,” मी म्हटलं. “बाळाच्या नंतर पोचला, पण पोचला.”