हिरव्या पानाची बाटली

मी जीवनसत्त्वांची बाटली बोलतेय. तपकिरी अंगाची, पांढऱ्या झाकणाची, आणि पोटावर हिरव्या पानाचं चित्र असलेली. ते पान कुठल्या झाडाचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या लांबलचक छपराखाली डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या बायका सरकत्या पट्ट्याकडे डोळे लावून बसायच्या. एका यंत्राने माझ्या पोटात जस्ताच्या आणि जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल ओतल्या, दुसऱ्याने झाकण पिळलं, तिसऱ्याने पान चिकटवलं. डोकेदुखीच्या गोळ्यांनाही तेच यंत्र झाकण लावत होतं. म्हणून मला कुणी 'नैसर्गिक' म्हणून मिरवलं, की मला आजही हसू येतं.

औषधांच्या दुकानातून मला एक आई घेऊन आली. घर फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर. बाबा खाली फोटो काढायचे, आई गिऱ्हाइकं सांभाळायची, आणि त्यांची एकुलती एक लेक नुकतंच शिक्षण संपवून हॉटेलात स्वागतकक्षात बसायची स्वप्नं बघत होती. बोलण्यात चटपटीत, हसरी पोर. पण गालांवर आणि हनुवटीखाली लालभडक गाठी. साध्या पुटकुळ्या नव्हेत. उशीला गाल टेकवला तरी कळ यायची.

मला कपाटात ठेवलं, तिथे आधीच डॉक्टरांच्या गोळ्यांची एक पट्टी होती. थोड्याच गोळ्या संपलेल्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, की गाठी खोलवरच्या आहेत, वेळेत आवरल्या नाहीत तर खड्डे पडतील. सुरुवातीला चेहरा जरा जास्तच बिघडेल, ओठ सुकतील, पण आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, काही वाटलं तर मला फोन करा.

तसंच झालं. चेहरा बिघडला, आणि आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"अहो, बघा तरी! ओठांची सालं निघतायत पोरीच्या. हे औषध आहे की विष?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, आधी वाढेल म्हणून," बाबा म्हणाले.

"त्यांच्या लेकीला दिल्या असत्या का त्यांनी ह्या गोळ्या? मी मोबाईलवर सगळं वाचलंय. जीवनसत्त्वांनी मुळापासून जातं. वेळ लागतो, पण अपाय नाही."

"आई, निदान एक फोन तरी करूया ना त्यांना," लेक म्हणाली.

फोन कुणी केला नाही. पट्टी कपाटात मागे गेली आणि मी पुढे आले. त्या बाईला मी दोष देणार नाही. लेकीवर तिचा जीव होता, आणि घाबरलेल्या माणसाला माझ्यासारखी गोंडस बाटली फार लवकर पटते.

गुण येतोय का हे कळावं, म्हणून आईने एक युक्ती काढली. दर रविवारी लेकीने खाली जाऊन स्टुलावर बसायचं, बाबांनी फोटो काढायचा, आणि तो फ्रिजच्या दारावर लावायचा. घरचाच स्टुडिओ, मग काय अडचण? बाबा मोठा दिवा पांढऱ्या छत्रीत वळवायचे, "हनुवटी जरा खाली," म्हणायचे, मग संगणकासमोर बसून फोटो तयार करायचे. आता फोटो तयार करायचा म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाच्या कपाळावरचा डाग उडवायचा, डोळ्यांखालचा काळेपणा कमी करायचा, कातडी सारखी करायची. उभा जन्म त्या माणसाने हेच केलेलं. लेकीचा फोटो समोर आला तरी हात आपोआप चालायचा. दर वेळी थोडा जास्तच, कारण समोर लेक असायची.

"बघ, किती उतरलंय!" आई फ्रिजसमोर उभी राहून म्हणायची.

"पण दुखतंय गं अजून."

"जखम भरताना दुखतेच, राणी."

लेक बेसिनवरच्या आरशात बघायची आणि फ्रिजकडे बघायची. आई मात्र गुण मोजायला फक्त फ्रिजकडेच बघायची. मी रिकामी झाले, की आई दुसऱ्या बाटलीतल्या कॅप्सूल माझ्यातच ओतायची. माझं झाकण सहज उघडतं म्हणून. अशी कितीदा भरले, मोजलं नाही.

मग हॉटेलातून मुलाखतीचं बोलावणं आलं. फ्रिजवरचा सगळ्यात ताजा फोटो घेऊन पोर नटूनथटून गेली. तासाभरात परत आली, चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि फ्रिजवरचे सगळे फोटो ओरबाडून काढले.

"काय झालं गं?" आई धावली.

"तिथल्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाल्या, चुकून बहिणीचा आणलास का?" आवाज ऐकून वर आलेल्या बाबांकडे ती वळली. "बाबा, न पुसलेले फोटो आहेत का तुमच्याकडे?"

बाबांनी संगणक वर आणला. मूळ फोटो एकामागून एक उघडत गेले. सुरुवातीला नुसत्या गाठी. मग गाठींच्या जागी खळगे. मग खळग्यांच्या शेजारी नव्या गाठी. आईने तोंडाला पदर लावला.

"मला कळलंच नाही गं," बाबा म्हणाले. "हात जातो आपोआप."

"मला आरशात दिसायचं सगळं," लेक म्हणाली. "पण तुम्ही दोघं इतकं ठामपणे सांगायचात. वाटायचं, मलाच वेड लागलंय."

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेले. आईने मला पिशवीत घालून नेलं होतं. बाईंनी मला फिरवून वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "ह्याने बिघडणार नाही, पण ह्या गाठी बऱ्याही होणार नाहीत. नव्या गाठी मी आवरीन. खड्डे थोडे उथळ करता येतील, पण राहतील."

"आधी आलो असतो तर?" आईने विचारलं. बाईंनी मान खाली घालून औषध लिहायला घेतलं.

लेक आता फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते. तिथे चेहरा लागत नाही. बाबा तिला फोटोसाठी बोलवत नाहीत, तीही खाली जात नाही.

वाचकहो, ज्याच्या अंगात माझी उणीव असेल, त्याच्याकडे मला जरूर न्या. मी प्रामाणिकपणे राबेन. पण ज्याला डॉक्टर हवा आहे, त्याच्या हातात मला देऊ नका. एवढंच मागणं आहे, आणि ह्या घरापुरतं तेही उशिराच झालं.

आई अजूनही सकाळी माझ्यातली एक कॅप्सूल लेकीच्या ताटाशेजारी ठेवते. मग तिथेच उभी राहते. लेकीला माहीत आहे, की ह्याने काही होणार नाही. आईलाही माहीत आहे. तरी लेक ती उचलते, पाण्याबरोबर गिळते आणि म्हणते, "घेतली गं, आई."