शेवाळाशी दोन महिने

दवाखान्यामागची हिरवळ राखणाऱ्या माळीणबाईंना सगळे मालकीणबाई म्हणत. त्यांना विचारल्याशिवाय त्या गवतावर मुंगीचीही पाऊल टाकायची टाप नव्हती. मोकळीक होती ती फक्त पाय मोडून आलेल्या रुग्णांना. ते रोज सकाळी तिथे अनवाणी पुन्हा चालायला शिकत. एके सकाळी त्यांच्यातला एक शिंपी शेवाळावरून घसरला आणि नुकता कुठे सावरलेला पाय परत मुरगळला.

मोठे डॉक्टर तडक खाली आले. "बाई, दोन महिने देतो. शेवाळ गेलं तर ठीक, नाहीतर हिरवळ उकरून फरश्या टाकतो."

"फरशीवर पाय चालायला शिकतो होय?"

"शेवाळावर तरी कुठे शिकला?"

अठरा वर्षं वाढवलेलं गवत बाईंच्या डोळ्यांदेखत जाणार होतं.

फाटकावर त्यांचा धाकटा दीर पहारेकरी होता. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं सोपंच झालं. फरश्या आल्या की नुसता झाडू फिरवायचा."

"भावजी, तुम्ही फाटक सांभाळा. काल तुमच्या नाकासमोरून बकरी आत शिरली."

बाईंनी दाताळं घेतलं आणि शेवाळ खरवडून काढलं. ऊन थेट मातीला लागावं म्हणून गवत आणखी बारीक कापलं. पंधरा दिवसांत शेवाळ परत आलं, तेही पहिल्यापेक्षा दाट.

दुपारी बाकावर डबा खाताना त्यांचा चमचा खाली पडला. तो काढायला त्यांनी बाकाखाली हात घातला. तिथलं गवत घोट्याएवढं वाढलेलं, कारण कापायचं यंत्र बाकाखाली जात नसे. त्यांनी ते बाजूला सारून पाहिलं. सावली तर बाहेरच्यापेक्षा जास्त, तरी शेवाळाचा ठिपका नाही. आणि मातीत बोट सहज रुतलं.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत ही त्यांची ऐट होती. पाहुणे त्याची वाहवा करत. तेच उघडंबोडकं गवत शेवाळाला जागा करून देत होतं. पाय रोज एकाच ओळीत पडून माती दगड झाली होती, वर संध्याकाळी पाणी घालून त्या ती रात्रभर ओली ठेवत होत्या. अठरा वर्षं शेवाळाला त्यांनीच पोसलं होतं म्हणायचं!

डबा तसाच ठेवून बाई उठल्या. पाण्यात हिराकस, म्हणजे शेवाळ मारणारा लोखंडाचा क्षार, विरघळवून त्यांनी झारीने शेवाळावर शिंपडलं. चार दिवसांत सगळीकडे काळे डाग पडले.

"वहिनी, घात झाला! जळालं की सगळं!" दीर ओरडला.

"जळू दे. ज्याला जळायचं तेच जळतंय."

मेलेलं शेवाळ नऊ पोती निघालं. मग लांब दात्यांच्या फावड्याने त्यांनी जमिनीला भोकं पाडली, त्यांत वाळू लोटली, मोकळ्या जागी बी पेरलं. पाणी फक्त सकाळी घातलं. रुग्णांना काही दिवस कडेच्या वाटेवर चालायला लावलं आणि पुढे रोज नवी ओळ आखून दिली. यंत्राचं पातं दोन बोटं वर उचललं. सगळ्यांत अवघड हेच गेलं. गवत वाढताना दिसे आणि बाईंचे हात शिवशिवत. येणारेजाणारे विचारत, "काय मालकीणबाई, सुट्टीवर का?" बाई दात-ओठ खाऊन पुढची ओळ आखत.

दोन महिने भरले त्या सकाळी फरश्यांचा ट्रक फाटकात उभा राहिला. डॉक्टर हिरवळीवर आले, वाकले आणि गवत बाजूला सारून ठिकठिकाणी पाहू लागले. बाईंनी पाण्याची बादली आणून त्यांच्या पुढ्यात ओतली.

"काढा बूट, डॉक्टर. चाला."

डॉक्टरांनी बूट काढले. दोन पावलं जपून टाकली, मग टाच दाबून मुद्दाम पाय घसरवून पाहिला. पाय जागचा हलला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते चालत गेले आणि हसतच वळले. रुग्णांनी टाळ्या वाजवल्या.

ट्रकवाल्याने लांबून विचारलं, "साहेब, माल कुठे उतरवू?"

"परत न्या!" डॉक्टर अनवाणीच ओरडले.

दीर फाटकातून धावत सुटला. "ए, वळव, वळव! आणि नीट बघून! आमच्या वहिनींच्या गवताला चाक लागलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

बाईंनी पदर खोचला आणि पातं तसंच वर ठेवून यंत्र सुरू केलं.